शेवट कोणी लिहावा?

‘आता त्याचे काही व्हायचे नाही.’ ओळखीच्या माणसाविषयी हे वाक्य आपण किती सहजपणे उच्चारतो! लग्नघरच्या मांडवात, मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात, कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीत ते कानावर पडते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. बोलणाऱ्याच्या मनात वैर असतेच असे नाही. पुष्कळदा त्याच्या आवाजात खरी हळहळ असते. तरीही ते वाक्य उच्चारताना आपण एका जिवंत माणसाचा हिशेब बंद करीत असतो. वहीची पाने शिल्लक असतात, पण आपण बेरीज मांडून खाली रेघ ओढून मोकळे होतो.

मीही हे वाक्य एकदा उच्चारले आहे, आणि तेही माझ्या मित्राविषयी. तरुणपणी आमच्या धर्मग्रामाच्या गायनवृंदात तो व्हायोलिन वाजवीत असे. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला त्याचे वादन ऐकून म्हाताऱ्या बायका डोळ्यांना पदर लावीत. पुढे त्याचा कारखाना बंद पडला, नोकरी गेली, मागोमाग दारू आली आणि व्हायोलिन कपाटावर धूळ खात पडले. एका लग्नात चारचौघांत त्याचा विषय निघाला, तेव्हा मी मोठ्या समजूतदारपणाचा आव आणून म्हणालो, “संपला तो. आता त्याचे काही व्हायचे नाही.” दोन दिवसांत ते शब्द त्याच्यापर्यंत पोहोचले. तो माझ्याशी भांडला नाही. वाटेत भेटला की हसून घरच्यांची चौकशी करी. फक्त पूर्वीसारखा आमच्या घरी येईनासा झाला.

ही सल मनात असतानाच एकोणिसाव्या शतकातील दोन थोर फ्रेंच कलावंतांच्या मैत्रीची हकिगत माझ्या वाचनात आली. चित्रकार पॉल सेझान आणि कादंबरीकार एमिल झोला यांची ती हकिगत. कला आणि मैत्री यांच्यात जो एक अवघड नैतिक प्रश्न उभा राहतो, तो या दोघांच्या आयुष्यात जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसत असेल. मित्राच्या आयुष्याचा शेवट लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, असा तो प्रश्न आहे.

दक्षिण फ्रान्समधील एक्स या जुन्या गावात हे दोघे वाढले. सेझानचा जन्म १८३९ सालचा, तेथलाच. त्याचे वडील टोप्यांच्या व्यापारातून वर येऊन पेढीचे मालक झाले होते. झोला त्याच्याहून एका वर्षाने लहान, जन्माने पॅरिसचा. त्याचे वडील इटालियन वंशाचे अभियंता होते. एक्स गावाला पाणी पुरविण्यासाठी त्यांनी धरणाची योजना आखली. सेंत-व्हिक्तुआर डोंगराच्या पायथ्याशी असलेले ते धरण आजही झोला यांच्याच नावाने ओळखले जाते. परंतु काम सुरू होते न होते तोच, १८४७ साली ते वारले आणि आई व मुलगा यांच्यावर ओढग्रस्तीचे दिवस आले. शाळेत या परक्या, दुबळ्या, गरीब मुलाला इतरांनी वाळीत टाकले होते. सेझान त्याच्याशी बोलला आणि त्यापायी त्याने मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी छोटा झोला सफरचंदांनी भरलेली टोपली घेऊन त्याच्याकडे गेला. म्हातारपणी सेझानने ही आठवण सांगितल्याचे त्याचा तरुण स्नेही जोआशिम गास्के याने नोंदवून ठेवले आहे. ज्या चित्रकाराची सफरचंदे पुढे जगभर नावाजली गेली, त्याला आयुष्यातील ही पहिली सफरचंदे विसरता आली नव्हती.

बातिस्तँ बाय हा तिसरा सोबती धरून हे तिघे ‘अविभाज्य’ म्हणून ओळखले जात. नदीत डुंबावे, डोंगर पालथे घालावेत, झाडाखाली बसून कविता वाचाव्यात, असे ते दिवस होते. १८५८ साली झोला पॅरिसला गेला आणि पत्रांचा ओघ सुरू झाला. वडिलांच्या आग्रहाने सेझान कायद्याचा अभ्यास करीत होता. चित्रकार हो, पॅरिसला ये, असा धोशा झोलाने लावला. १८६१ साली सेझान पॅरिसला आला, काही महिन्यांत खचून परत गेला, वडिलांच्या पेढीवर बसला आणि पुढच्या वर्षी पुन्हा आला. या सर्व डळमळीत काळात त्याच्यावर विश्वास ठेवणारा माणूस झोला होता. १८६६ साली झोलाने नव्या चित्रकारांची बाजू घेऊन लिहिलेले लेख पुस्तकरूपाने काढले, तेव्हा ते त्याने सेझानलाच अर्पण केले. पुढे १८७८ साली सेझानला एक मुलगा असून मुलाची आई ओर्तांस हिच्यापासून तो लपवून ठेवला आहे, अशी नव्हे, तर हे दोघेही त्याने आपल्यापासून लपवून ठेवले आहेत, असा संशय वडिलांना आला आणि त्यांनी हात आखडता घेतला. तेव्हा ओर्तांसला दरमहा साठ फ्रँक पाठवून झोलानेच तो संसार सावरला. तोवर झोला यशस्वी लेखक झाला होता आणि पॅरिसजवळ मेदां येथे त्याने घर घेतले होते. सेझान तेथे पाहुणा म्हणून राहत असे व चित्रे काढीत असे.

एकाची कीर्ती अशी वाढत असताना दुसऱ्याच्या वाट्याला केवळ उपहास येत होता. पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनाने सेझानची चित्रे वर्षानुवर्षे परत पाठविली. १८८२ साली एक चित्र स्वीकारले गेले, तेही एका ओळखीच्या चित्रकाराने त्याला आपला शिष्य म्हणून दाखविले तेव्हा. १८७४ साली नव्या पंथाच्या चित्रकारांनी स्वतंत्र प्रदर्शन भरविले, त्यातही सेझानच्या चित्रांची टवाळी झाली. चाळिशी उलटली तरी हा माणूस वडिलांच्या पैशावर जगत होता. चित्र सुरू करावे, महिनोन्‌महिने त्यावर झगडावे आणि अपुरेच टाकून द्यावे, असा त्याचा क्रम होता. व्यवहारी दृष्टीने पाहणाऱ्याला त्याच्याविषयी एकच वाक्य सुचले असते, आणि ते आपल्या परिचयाचे आहे.

१८८६ च्या वसंतात झोलाची ‘ल एव्र’, म्हणजे ‘कलाकृती’, ही कादंबरी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिचा नायक क्लोद लांतिए हा चित्रकार आहे. झोलाने एक्स गावाला कादंबऱ्यांत प्लासां हे नाव दिले आहे, आणि क्लोद तेथेच वाढलेला आहे. त्याच्या मित्रांसोबतच्या भटकंतीची, नदीकाठच्या दुपारींची वर्णने सेझान-झोला यांच्या बालपणातूनच आली आहेत. क्लोदपाशी प्रतिभा आहे, पण मनातील चित्र कॅनव्हासवर उतरविण्याचे सामर्थ्य नाही. एका भव्य चित्रापायी तो संसार, मूल, आरोग्य सारे गमावतो आणि शेवटी त्या अपुऱ्या चित्रासमोर गळफास लावून घेतो.

झोलाने पुस्तकाची प्रत नेहमीप्रमाणे मित्राला पाठविली. ४ एप्रिल १८८६ रोजी सेझानने पोच दिली. पत्र चार ओळींचे आहे. त्यात तक्रार नाही, रागाचा शब्द नाही. पुस्तकाबद्दल आभार आहेत आणि गेलेल्या दिवसांच्या आठवणीने हात हाती घेण्याची इच्छा आहे. ज्याने कोणा मित्राविषयी कठोर वाक्य उच्चारले आहे आणि त्यानंतर त्याच मित्राकडून केवळ सभ्य हास्य स्वीकारले आहे, त्याला त्या चार ओळींचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

आता झोलावर अन्याय होऊ नये म्हणून त्याची बाजूही मांडली पाहिजे. लेखकाला आपले पात्र कोठून तरी घ्यावेच लागते, आणि तो ते आपल्या आयुष्यातून घेतो. मातीशिवाय कुंभाराने मडके कसे घडवावे? क्लोद हा एकट्या सेझानवरून घेतलेला नाही. माने, मोने आणि इतर चित्रकारांच्या चरित्रातले धागेही त्यात मिसळले आहेत. शिवाय झोलाने स्वतःलाही सोडले नाही. कादंबरीतला सांदोझ हा लेखक म्हणजे झोलाच. हाच सांदोझ क्लोदच्या प्रेतयात्रेला जातो. टिंगल करण्यासाठी लिहिलेले हे पुस्तक नव्हे. त्यात मैत्रीचा गहिवर आहे. मित्राच्या जीवनातील दुःख पाहून त्यावर लिहिणे हे पाप ठरविले, तर जगातील निम्मे साहित्य जाळावे लागेल.

मग दोष कोठे आहे? मला वाटते, तो शेवटच्या प्रकरणात आहे. सेझान त्या वेळी सत्तेचाळीस वर्षांचा होता. तो काम करीत होता. त्याचे चित्र अजून चालू होते, आणि झोलाने ते संपवून टाकले. त्यामागे झोलाचे तत्त्वज्ञानही होते. वीस कादंबऱ्यांची जी मालिका त्याने १८७१ ते १८९३ या काळात लिहिली, तिचे सूत्रच असे की माणूस आपल्या रक्तातला वारसा आणि परिस्थिती यांचा कैदी असतो. क्लोद हा व्यसनाने आणि मनोविकाराने पोखरलेल्या घराण्यात जन्मला; म्हणून त्याचा शेवट पहिल्या पानापासून ठरलेला होता. कादंबरीतील पात्रापुरते हे सूत्र चालून जाते, कारण पात्राला लेखकाने दिलेल्या आयुष्यापलीकडे आयुष्य नसते. जिवंत मित्राला ते लावले की त्यातून भयंकर निष्कर्ष निघतो. त्याच्या उद्याच्या दिवसाला काही अर्थ उरत नाही. त्याने पुन्हा प्रयत्न केला तरी आपण तो पाहत नाही, कारण उत्तर आपल्याला आधीच ठाऊक झालेले असते.

झोलाच्या बाबतीत नेमके हेच झाले. १८९५ च्या अखेरीस आंब्रुआझ व्होलार या तरुण विक्रेत्याने पॅरिसमध्ये सेझानच्या चित्रांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरविले. सेझान तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता. चित्रकार मंडळी ती चित्रे पाहून थक्क झाली. पण पुढच्याच वर्षी ‘ल फिगारो’ या वृत्तपत्रात लिहिताना झोलाने आपल्या बालमित्राचा उल्लेख केला तो फळाला न आलेली थोर प्रतिभा म्हणूनच. कादंबरीला दहा वर्षे लोटली होती आणि समोर नवी चित्रे होती, तरी त्याने तो हिशेब पुन्हा उघडून पाहिला नाही. वाईट माणसाने असे केले असते तर त्याचे नवल नव्हते. प्रेमळ, उदार, साठ फ्रँक न विसरता पाठविणाऱ्या मित्राने ते केले, म्हणून आपण सावध व्हायला हवे. दया आणि निराशा ही दोन्ही एकाच हृदयात सुखाने नांदू शकतात. आपण एखाद्याला पैसे देऊ शकतो, आजारपणात डबा पोहोचवू शकतो, आणि तरीही मनातून त्याला कधीच मूठमाती देऊन बसलेले असतो.

याउलट सेझान स्वतः कसे काम करी हे पाहण्यासारखे आहे. १८९९ साली त्याने व्होलारचे व्यक्तिचित्र काढायला घेतले. एकशे पंधरा वेळा व्होलार त्याच्यासमोर खुर्चीवर बसला, आणि तेवढ्यानंतर सेझानने चित्र बाजूला ठेवले ते शर्टाची पुढली बाजू बरी साधली आहे एवढे समाधान मानून. चित्रात हातांवर दोन बारीकशा जागा कोऱ्याच राहिल्या होत्या. व्होलारने त्या दाखविल्या, तेव्हा योग्य रंग सापडला तर त्या भरीन, पण अंदाजाने काही लावले तर त्या ठिपक्यापासून सारे चित्र पुन्हा करावे लागेल, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. ही हकिगत व्होलारनेच लिहून ठेवली आहे, आणि ते चित्र पॅरिसच्या पती पॅले संग्रहालयात आहे. समोर बसलेल्या माणसाच्या हातावरची तिळाएवढी जागादेखील खात्री नसताना भरायची नाही, हा सेझानचा संयम होता. लोक त्याला अपुरेपणा म्हणत. मला त्यात मोठा आदर दिसतो. जे अजून दिसलेले नाही ते दिसले आहे असे भासवायचे नाही, हा सत्याचा आदर तर आहेच. पण समोरच्या माणसाचाही आहे.

सेझानला दुसरा एक मित्र लाभला, त्याचीही आठवण येथे केली पाहिजे. कामीय पिसारो हा त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठा, पोरेबाळे आणि कर्ज यांच्या ओझ्याखाली वाकलेला चित्रकार. १८७२ पासून पाँत्वाझ आणि ओव्हेर या गावांच्या परिसरात हे दोघे शेजारी शेजारी घोडी मांडून निसर्गचित्रे काढीत. पिसारोने त्याची स्तुतिस्तोत्रे गायिली नाहीत. काळोखे रंग सोड, निसर्गाकडे पाहा, असे तो सांगे. सेझानने त्याचे एक चित्र समोर ठेवून त्याची नक्कलही केली, शिकण्यासाठी. पुढे वाटा वेगळ्या झाल्या, भेटी विरळ झाल्या. पण दोन दशकांनंतर व्होलारला सेझानचे प्रदर्शन भरविण्याचा आग्रह ज्यांनी केला, त्यांत पिसारो होता. म्हातारपणी, स्वतःचे नाव सर्वतोमुखी होऊ लागलेले असताना, एक्स येथील प्रदर्शनाच्या यादीत सेझानने आपला परिचय पिसारोचा शिष्य असा छापून घेतला. ही गुरुदक्षिणा दिली गेली तेव्हा पिसारो जिवंत नव्हता. तो १९०३ साली निवर्तला होता.

या दोन मित्रांतला भेद समजून घेतला म्हणजे आपल्या प्रश्नाचे उत्तर जवळ येते. आशा ठेवणे म्हणजे खोटे गोड बोलणे नव्हे. पिसारो दोष दाखवीत होता. मित्राने दोष दाखविलेच पाहिजेत. व्यसनी मित्राला ‘तुझे ठीक चालले आहे’ असे सांगणारा त्याचा वैरी समजावा. पण दोष दाखविणे वेगळे आणि निकाल देणे वेगळे. ‘हे चित्र अजून जमलेले नाही’ असे म्हणणारा मनुष्य चित्रकाराच्या हाती कुंचला राहू देतो. ‘तुला चित्र जमणारच नाही’ असे म्हणणारा तो काढून घेतो. पहिले वाक्य आजच्या दिवसाविषयी आहे आणि ते खरे असू शकते. दुसरे वाक्य उद्याविषयी आहे, आणि उद्याचे ज्ञान आपल्यापैकी कोणालाही दिलेले नाही.

ख्रिस्ती माणसाला हे नवे वाटू नये. मत्तयलिखित शुभवर्तमानातील गहू आणि निदण यांचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. चाकर उत्साहाने निदण उपटायला निघतात आणि धनी त्यांना थांबवितो. कापणीची वेळ त्याने स्वतःकडे राखून ठेवली आहे. क्रुसावर खिळलेल्या चोराचे तर सारे आयुष्य हातचे गेले होते. अखेरच्या घटकेला त्याचा हिशेब पालटला. ख्रिस्तसभेने शतकानुशतके कित्येकांना संत म्हणून घोषित केले आहे; परंतु अमुक एक मनुष्य कायमचा नरकात गेला असे तिने कोणाचेही नाव घेऊन अधिकृतपणे कधी जाहीर केलेले नाही. ज्या निकालाच्या बाबतीत ख्रिस्तसभा मौन बाळगते, तो निकाल आपण चहाच्या घोटाबरोबर देऊन टाकतो. श्रद्धा आणि प्रीती यांच्या जोडीला आशा हाही ईश्वराभिमुख सद्‌गुण मानला आहे. आशा आपण बहुधा स्वतःसाठीच ठेवतो. ती दुसऱ्यासाठीही ठेवायची असते, हे विसरतो.

पण येथे कोणी झोलाला निरीश्वरवादी ठरवून, धर्म न मानणाऱ्याकडून दुसरे काय होणार, असे म्हणेल, तर इतिहास त्याला तसे म्हणू देणार नाही. १८९४ साली आल्फ्रेड द्रेफुस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा आरोप सिद्ध झाल्याचे ठरवून त्याला दूरच्या बेटावर जन्मठेपेसाठी धाडण्यात आले. न्यायालयाने, लष्कराने आणि बहुसंख्य जनतेने तो हिशेब बंद केला होता. तो उघडण्यासाठी १३ जानेवारी १८९८ रोजी ‘लोरोर’ या वृत्तपत्रात राष्ट्राध्यक्षांना अनावृत पत्र लिहिणारा माणूस हाच एमिल झोला. त्यापायी त्याला शिक्षा झाली, देश सोडून इंग्लंडला जावे लागले. त्या वेळी फ्रान्समधील पुष्कळसे कॅथलिक, त्यांची वृत्तपत्रेही, द्रेफुसच्या विरुद्ध होती, आणि नियमाने मिस्साला जाणारा सेझानही त्याच बाजूचा होता. १९०६ साली द्रेफुस निर्दोष ठरला. ‘ला क्र्वा’ या कॅथलिक दैनिकाने त्या काळातल्या आपल्या लिखाणाबद्दल १९९८ साली जाहीर क्षमायाचना केली. मित्राच्या बाबतीत चुकलेला झोला परक्याच्या बाबतीत इतका मोठा ठरला. तेव्हा या कथेत एकाला आरोपीच्या पिंजऱ्यात आणि दुसऱ्याला वेदीवर बसविण्याची सोय नाही. झोलाविषयीसुद्धा शेवटचे वाक्य आपल्याला लिहिता येत नाही.

आणि ते लिहिण्याची घाई आपण, म्हणजे मागाहून आलेल्यांनी, केलीच. ४ एप्रिल १८८६ चे ते चार ओळींचे पत्र हे या मैत्रीतले अखेरचे पत्र, त्या दिवशी मैत्री तुटली, असे चरित्रकार अनेक दशके लिहीत आले. कथा म्हणून ते फार चांगले दिसत होते. २०१३ साली सेझानचे आणखी एक पत्र उजेडात आले. त्यावर २८ नोव्हेंबर १८८७ ही तारीख आहे. झोलाने आपली ‘ला तेर’, म्हणजे ‘भूमी’, ही नवी कादंबरी त्याला पाठविली होती. तिची पोच त्यात आहे आणि तू परत आलास की भेटायला येईन, असेही त्यात आहे. म्हणजे त्या कादंबरीनंतरही एकाने पुस्तक पाठविले होते आणि दुसऱ्याने भेटीची गोष्ट काढली होती. जखम झाली नव्हती असे यावरून म्हणता येणार नाही. पण ज्या दरवाजाला आपण शंभर वर्षे कुलूप घातले होते, तो निदान त्या वेळी किलकिला होता. झोलाने सेझानविषयी जी चूक केली, तीच चूक जगाने त्या दोघांच्या मैत्रीविषयी केली.

पुढची हकिगत थोडक्यात सांगता येईल. सेझान एक्स येथे जवळजवळ एकांतात राहू लागला. सकाळी काम करावे, रविवारी कॅथेड्रलमध्ये मिस्साला जावे आणि सेंत-व्हिक्तुआर डोंगर पुन्हा पुन्हा रंगवावा. लहानपणी झोलासोबत हिंडला तोच तो डोंगर. २९ सप्टेंबर १९०२ रोजी झोला पॅरिसच्या घरी शेगडीच्या विषारी धुराने गुदमरून मरण पावला. बातमी ऐकून सेझानने चित्रशाळेचे दार लावून घेतले आणि आतून रडण्याचा आवाज येत राहिला, असे सांगतात. पुढच्या वर्षी झोलाच्या संग्रहातल्या वस्तूंचा लिलाव झाला. त्यात सेझानची तरुणपणची काही चित्रे होती. ते निमित्त साधून रोशफोर नावाच्या पत्रकाराने झोला आणि सेझान या दोघांवर एकाच लेखात गरळ ओकली. मित्रांनी तोडलेले नाते शत्रूंनी असे पुन्हा जोडून दिले. १९०६ च्या मे महिन्यात एक्सच्या ग्रंथालयात झोलाच्या अर्धपुतळ्याचे अनावरण झाले. सेझान त्या समारंभाला हजर होता, आणि बालपणीच्या आठवणी निघाल्या तेव्हा त्याला अश्रू आवरले नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उघड्यावर चित्र काढीत असताना तो वादळी पावसात सापडला, वाटेत कोसळला आणि आठवडाभरात मरण पावला. आदल्या काही वर्षांतली त्याची चित्रे आज अत्यंत मोलाची मानली जातात. मातीस आणि पिकासो यांनी त्याला आपला पूर्वसूरी मानले. मातीसने तरुणपणी, अडचणीच्या दिवसांत, सेझानचे एक लहानसे चित्र विकत घेतले आणि सदतीस वर्षे जवळ बाळगून १९३६ साली ते पॅरिस शहराला भेट दिले. क्लोद लांतिए ज्या जागी संपला, तेथून सेझान वीस वर्षे पुढे चालत राहिला होता.

तथापि, सेझान अखेर थोर ठरला म्हणून झोला चुकला, असे मी म्हणणार नाही. तो अप्रसिद्धच मेला असता, त्याची चित्रे अडगळीत कुजून गेली असती, तरी मित्राच्या आयुष्याखाली रेघ ओढणे चूकच ठरले असते. सगळ्यांच्याच कपाटावरचे व्हायोलिन पुन्हा खाली येत नाही. आशा ठेवायची ती पुढे यश मिळते म्हणून नव्हे. माणूस जिवंत आहे आणि परमेश्वराने त्याच्यावरून हात काढून घेतलेला नाही, एवढे कारण तिला पुरेसे आहे.

माझ्या मित्राची गोष्ट तेवढी राहिली. माझी आई गेली तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला जी चार माणसे पुढे झाली, त्यांत तो होता. कबरस्तानापासून घरी परत येताना आम्ही दोघे मागे राहिलो आणि पुष्कळ वर्षांनी मी त्याची क्षमा मागितली. त्याने माझा हात दाबला. तो काही बोलला नाही. मित्राच्या आयुष्यावर लिहून तीच चूक दुसऱ्यांदा करू नये म्हणून हा लेख लिहिण्याआधी मी त्याच्या घरी जाऊन परवानगी मागितली. तो म्हणाला, “लिही की. नाव घालू नकोस. आणि मी सुधारलो असंही लिहू नकोस. ते अजून ठरायचं आहे.”

मी निघालो तेव्हा सहज कपाटाकडे नजर गेली. व्हायोलिनची पेटी तेथेच होती. तिच्यावर धूळ होती की नव्हती, ते मी निरखून पाहिले नाही.